ज्ञानप्रधान व्यवसाय-सेवा व शेतकऱ्यांचे उद्योजकत्व : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

ज्या सेवांत विशेषज्ञाचे ज्ञान हीच विक्रीची मुख्य वस्तू असते, त्यांना ज्ञानप्रधान व्यवसाय-सेवा म्हणता येईल. लेखापरीक्षण, विधिविषयक सल्ला, अभियांत्रिकी आराखडे, प्रयोगशाळेतील चाचणी ही त्यांची उदाहरणे होत. अशा सेवा नवकल्पनांचा केवळ वापर करीत नाहीत, तर त्यांचे वहन व निर्मितीही करतात, असे इयन माइल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली यूरोपीय आयोगासाठी सिद्ध केलेल्या अहवालात प्रतिपादिले. ही चर्चा बहुधा महानगरांतील उद्योगांपुरती राहते. वाशीमसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यात तिचा अर्थ काय, हे येथे पाहावयाचे आहे.

व्यवहारज्ञान वऱ्हाडास नवे नाही. कारंज्यासारख्या कापसाच्या बाजारपेठेत मालाची प्रत पारखणे, दूरच्या पेठेचे भाव जाणणे, हिशेब लिहिणे ही ज्ञानाचीच कामे अडते व मुनीम करीत आले. परंतु हे ज्ञान उचल व खरेदी यांच्याशी जखडलेले असे; शेतकऱ्यास ते स्वतंत्रपणे विकत घेता येत नसे. म्हणजे ज्ञानाचा अभाव नव्हता. ते व्यवहाराच्या पलीकडच्या बाजूस होते, इतकेच.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे आज सोयाबीन हे प्रमुख खरीप पीक आहे. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी अधिनियमात उत्पादक कंपनीची तरतूद झाली व किमान दहा उत्पादकांस एकत्र येऊन अशी कंपनी स्थापिता येऊ लागली. तिच्यापुढील एक मार्ग बीजोत्पादनाचा होय. सोयाबीनचा दाणा व सोयाबीनचे बियाणे यांत डोळ्यांस दिसणारा भेद फारसा नसतो. तो भेद ज्ञान घडविते. मान्य स्रोताचे बियाणे, क्षेत्राची नोंदणी, उभ्या पिकाची तपासणी, प्रक्रिया, उगवणशक्ती किमान ७० टक्के असल्याचा प्रयोगशाळेचा निर्वाळा आणि शेवटी प्रमाणपत्राची खूणचिठ्ठी, असा हा क्रम आहे. प्रमाणीकरण यंत्रणेचे राज्य मुख्यालय व कृषी विद्यापीठ ही दोन्ही अकोल्यात, तर कृषी विज्ञान केंद्र रिसोड तालुक्यातील करडा येथे असल्यामुळे तांत्रिक ज्ञान तुलनेने जवळ आहे.

व्यावसायिक ज्ञानाचे तसे नाही. २०२० साली सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांचे उद्दिष्ट ठरले. मार्गदर्शनासाठी समूहाधारित व्यवसाय संस्था नेमण्यात आल्या, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी व लेखापाल यांच्या वेतनासह व्यवस्थापनखर्चापोटी प्रत्येक संघटनेस तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवण्यात आले. येथे शासनाने ज्ञानसेवेचे मूल्य प्रथम स्वतः चुकते केले. साहाय्य संपल्यावर तेच मूल्य कंपनीस आपल्या उत्पन्नातून द्यावे लागते. तोवर ज्ञान गावात मुरले नसेल, तर कंपनी कागदावरच उरते.

ज्ञान मुरणे हा बहुतांशी भाषेचा प्रश्न आहे. ज्ञानसेवा तयार मालासारखी हातात ठेवता येत नाही. ग्राहकाने आपली अडचण सांगावी, सल्लागाराने ती समजून घ्यावी, तेव्हाच ती सिद्ध होते. कंपनीची विवरणपत्रे मात्र प्रायः इंग्रजीत असतात आणि संचालक त्यांवर सही करून मोकळा होतो. ‘घसारा’ हीच संज्ञा घ्या. नांगराचा फाळ झिजतो हे शेतकरी जाणतो; परंतु प्रतवारीच्या यंत्राची झीज दरवर्षी हिशेबात धरावयाची असते, हे कोणी उलगडून न सांगितल्यास हातची शिल्लक नफा समजून वाटली जाते, आणि यंत्र निकामी झाल्यावर नवे घेण्यास पैसा राहत नाही. येथे भाषांतरातील उणीव ही सरळ भांडवलाची हानी ठरते.

सारांश, लेखापाल वा सल्लागार यांची उपस्थिती एवढ्यानेच आर्थिक कार्यक्षमता वाढत नाही. ते ज्ञान उत्पादकाच्या बाजूस येणे आणि उत्पादकास त्याविषयी स्वतःच्या भाषेत प्रश्न विचारता येणे, ह्या दोन अटी पुऱ्या झाल्या तरच सेवेतून उद्योजकत्व उभे राहते. अर्थशास्त्र व भाषाविज्ञान यांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन अभ्यासावे असे हे क्षेत्र आहे.