चुकलेलं उत्तर वाचायचं कसं?

सहावी ते आठवीच्या गणिताच्या पेपरातले गुण मूल किती मागे आहे ते सांगतात. अडलंय कुठे, ते सांगत नाहीत. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०१८च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या सुमारे ४४ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. हा आकडा काळजीचाच आहे, पण बीजगणितातली अडचण त्यात दिसत नाही. ती दिसते ८ + ४ = □ + ५ सारख्या साध्या प्रश्नात. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांपैकी प्रत्येकाने चौकटीत १२ किंवा १७ लिहिलं. बेरीज दोन्ही उत्तरांत बिनचूक! फक्त बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘पुढे उत्तर लिही’ अशी समजूत. ती घेऊन समीकरणापाशी पोचलेलं मूल ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ एवढंच घोकतं.

चुका अशा वाचाव्यात म्हटलं, तर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे: चाळीस मुलांची प्रत्येक चूक तपासायला वेळ कुठून आणायचा? पण त्यासाठी जादा परीक्षा लागत नाही, प्रश्न विचारपूर्वक निवडावा लागतो. ०.६ आणि ०.४५ यांत मोठी संख्या कोणती, हे पाटीवर लिहायला सांगितलं, की ‘४५ हे ६ पेक्षा मोठे’ म्हणणारी मुलं मिनिटभरात कळतात. आधी आकडेमोड पक्की करू, असंही म्हटलं जातं. पण १७ लिहिणाऱ्या मुलाला आणखी शंभर बेरजा देऊन काय साधणार?