हिरवा चहा : दुकानातला की परसातला?



हिरवा चहा प्रकृतीला चांगला म्हणतात, मग कोणता घ्यावा, असे हल्ली गावोगावी विचारतात. आधी नावाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे हिरवा चहा म्हणजे गवती चहा, पातीचा चहा. दुकानात खोक्यात मिळतो तो ग्रीन टी निराळा. तो आपल्या नेहमीच्या चहाच्याच झुडपाचा पाला, आसाम, दार्जिलिंग, निलगिरीकडचा. पाला सुकवून, चुरगाळून हवेत मुरू दिला की काळा पडतो, त्याची आपली चहापत्ती होते. तोच पाला खुडल्यावर लगेच वाफेवर किंवा कढईत तापवला की हिरवा राहतो. हे झुडूप इथे लावायच्या भानगडीत मात्र पडू नका. त्याला आम्ल जमीन आणि भरपूर पाऊस लागतो. आपला पाऊस जेमतेम ७०० मिलिमीटर, आणि काळ्या रानात चुन्याचा अंश.

ग्रीन टीने रक्तातले कोलेस्टेरॉल थोडे उतरते, एवढे दिसून आले आहे. वजनावर परिणाम झालाच तर नगण्य. त्याच्या भरवशावर मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी बंद करू नये. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या मिळतात, त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्या घेऊच नयेत.

खरा फायदा साखर सुटण्याचा आहे. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. महिन्याला माणशी सव्वा किलोच्या घरात! ग्रीन टीतही तेवढीच साखर ढवळायची असेल तर खोक्याचे पैसे वाया गेले समजा.

दुसरी गोष्ट बायाबापड्यांसाठी जास्त महत्त्वाची. चहा काळा असो की हिरवा, तो भाकरीबरोबर नको. बाजरीतले, मेथीतले लोह त्यामुळे अंगी लागत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. सकाळी चहात भाकर बुडवून खुरपायला जाणाऱ्या बाईने हे ध्यानात घ्यावे.

ग्रीन टी घ्यायचाच तर बंद पाकिटातला, तारीख पाहून घ्या. उकळू नका, पाणी उतरवून जरा निवू द्या, मग पत्ती टाकून दोन-तीन मिनिटांत गाळा.

माझे विचाराल तर रोजच्यासाठी गवती चहा बरा. तो औषध नव्हे, पण त्यात कॅफिन नाही, त्यामुळे रात्रीही झोप मोडत नाही; आणि खर्च शून्य. मृगाचा पाऊस झाला की शेजाऱ्याकडून ठोंब आणा, पाणी तुंबणार नाही अशा जागी दोन-दोन फुटांवर लावा. पाती चुरगाळून पाहा, लिंबाचा वास आला पाहिजे. रोशाचे गवतही सुवासिक असते, ते चहात नको. जमिनीपासून चार-सहा बोटे ठेवून कापले की पुन्हा फुटते. कपाशीच्या बांधावर मात्र लावू नका. फवारणीचे औषध पातीवर बसते, आणि तीच पाती आपण उकळून पितो.