तरुणाची धरलेली पाठ

वसई-विरारहून रोज लोकलनें मुंबई गांठणाऱ्या तरुणाची पाठ धरली, कीं घरांतील वडील मंडळी गर्दीस दोष देऊन त्यास निजवून ठेवतात. परंतु पडून राहिल्यानें वाढणारी, उत्तररात्रीं झोप मोडणारी व हिंडल्याफिरल्यानें उतरणारी पाठदुखी ३ महिने टिकल्यास अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची शंका घ्यावी. उपेक्षा झाल्यास पुढें मणके एकजीव होऊं शकतात.

कण्याचा ताठरपणा पाहावयास शिंप्याची टेपही पुरते. उभ्यानें कमरेच्या दोन खळ्यांच्या रेषेवर एक व तिच्यावर १० सेंटिमीटरांवर दुसरी खूण करून पुढें वांकवावें. अंतर निदान १५ न झाल्यास डॉक्टर गांठावा. क्ष-किरणांत दोष उमटावयास वर्षें लागतात! डॉक्टरांच्या देखरेखीखालीं दाहशामक गोळ्या व नित्य व्यायाम, हा अल्पखर्ची उपचार प्रथम. महागड्या इंजेक्शनांआधीं क्षयाची तपासणी हवीच.