घंटा वाजली म्हणून लाळ गळत नाही

मानसशास्त्राचं एक पानही न उलटलेल्या माणसाला पावलोव, त्यांचा कुत्रा आणि घंटा हे त्रिकूट ठाऊक असतं. घंटा वाजवायची, खायला द्यायचं. पुन्हा घंटा, पुन्हा खाणं. शेवटी नुसत्या घंटेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. शाळेच्या मधल्या सुट्टीपासून मोबाइलच्या नोटिफिकेशनपर्यंत काय वाटेल ते या एका गोष्टीने समजावलं जातं. गोष्ट खोटी नाही. पण सांगता सांगता तिच्यातून बरंच काही गळून पडलं, आणि प्राणी कसे शिकतात याबद्दलचे बरेचसे गैरसमज त्या गळतीतून आलेले आहेत.

आधी घंटेचंच बघू. इवान पावलोव (१८४९–१९३६) हे मूळचे पचनसंस्थेचे अभ्यासक. १९०४ चं नोबेल त्यांना मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांची कीर्ती नंतरची. सेंट पीटर्सबर्गच्या त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्याच्या लाळग्रंथीची नळी शस्त्रक्रियेने गालाबाहेर काढलेली असे आणि लाळ थेंबाथेंबाने मोजली जाई. मोजमाप इतकं काटेकोर, तर इशाराही दर वेळी अगदी तोच हवा. म्हणून त्यांचा भर होता ठरावीक लयीत टिकटिकणाऱ्या मेट्रोनोमवर, बझरवर, दिव्यांवर, कातडीला होणाऱ्या स्पर्शावर. हातात धरून हलवायच्या घंटेला एवढं मोठं केलं ते पुढच्या पुस्तकांनी आणि व्यंगचित्रांनी.

हा झाला किरकोळ दोष. खरा घोटाळा आहे तो 'पुन्हा पुन्हा' या शब्दांत. दोन गोष्टी पुरेशा वेळा एकापाठोपाठ घडल्या की मेंदूत त्यांची गाठ आपोआप बसते, असं आपण धरून चालतो. घोकंपट्टीवर श्रद्धा असलेल्या समाजाला हे पटायला जडही जात नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लिऑन कामिन यांनी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात उंदरांवर एक साधा प्रयोग केला आणि ही समजूत उखडली. उंदरांना आधी एक आवाज ऐकवायचा आणि मागोमाग विजेचा हलका झटका द्यायचा. थोड्याच वेळात उंदीर त्या आवाजाला घाबरू लागले. मग आवाजाच्या जोडीला दिवाही लावायचा आणि झटका तोच. दिवा आणि झटका आता पुन्हा पुन्हा एकत्र येत होते. शेवटी नुसता दिवा लावून पाहिला, तर उंदरांना त्याचं जवळपास काहीच वाटलं नाही. ज्या उंदरांना पहिल्यापासून आवाज आणि दिवा दोन्ही एकत्र मिळाले होते, ते मात्र दिव्यालाही घाबरले.

पहिल्या उंदरांना दिवा दिसत नव्हता असं नाही. त्याची त्यांना गरजच नव्हती. झटका येणार हे आवाजानेच सांगून टाकलेलं होतं. दिव्याने नवीन काही कळवलं नाही. मेंदू घडणाऱ्या गोष्टी नुसत्या मोजत बसत नाही. पुढे काय होणार याचा तो अंदाज बांधतो, आणि अंदाज फसला की शिकतो. रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये हेच एका छोट्याशा समीकरणात मांडलं.

आणि अंदाज पुरताच फसला तर एकदाच घडलेलं पुरतं. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला, म्हणजे नाव बदललेल्या सेंट पीटर्सबर्गलाच, मोठा पूर आला. पावलोव यांच्या कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरलं आणि कुत्र्यांना पोहवत पोहवत मुख्य इमारतीत न्यावं लागलं. जीव वाचले. पण नंतर काही कुत्र्यांमध्ये कित्येक महिन्यांच्या मेहनतीने बसवलेले प्रतिसाद नाहीसे झाल्याचं दिसलं. हळूहळू ते परतले. मग एके दिवशी प्रयोगाच्या खोलीत दाराखालून पाण्याची एक बारीक धार सोडण्यात आली. तेवढ्याने कुत्रा पुन्हा बिथरला आणि सगळं शिक्षण पुन्हा कोलमडलं. पाण्याला भिण्याचा सराव त्याच्याकडून कोणीच करून घेतला नव्हता.

दुसरी समजूत अशी, की कशाचीही गाठ कशाशीही मारता येते. वर्तनवादाच्या भरभराटीच्या काळात पुष्कळ शास्त्रज्ञही हेच मानत. जॉन गार्सिया सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत किरणोत्साराचा उंदरांवर होणारा परिणाम तपासत होते. किरणांच्या पेटीतल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांतलं पाणी उंदीर पिईनासे झाले. घरच्या पिंजऱ्यातल्या काचेच्या बाटलीतलं मात्र पीत होते. प्लॅस्टिकची चव आणि पोटातली मळमळ यांची सांगड त्यांनी घातली होती. पुढे १९६६ मध्ये गार्सिया आणि कोलिंग यांनी उंदरांना गोड पाणी दिलं आणि उंदीर ते चाटत असताना दिवा लखलखेल, आवाज होईल अशी सोय केली. काहींना नंतर मळमळ आणवली, काहींना झटका दिला. मळमळ झालेल्यांनी चव टाळली. दिवा-आवाजाचं त्यांना काही नव्हतं. झटका बसलेल्यांनी दिवा-आवाज टाळला. चवीला त्यांनी दोष दिला नाही. पोट बिघडलं तर संशय खाण्यावर, कातडीला चटका बसला तर संशय दिसण्या-ऐकण्यावर. म्हणजे कोणत्या परिणामाचं कारण कुठे शोधायचं याचा कल मेंदूत आधीच असतो. चव आणि मळमळ यांच्यात कित्येक तासांचं अंतर पडलं तरी ही गाठ बसते, हे तर त्या काळच्या संपादकांना पचेना. गार्सियांचे निबंध मोठ्या नियतकालिकांनी परत पाठवले.

शेतात उंदरांचा बंदोबस्त करणाऱ्याला हे सगळं वेगळ्या नावाने ठाऊक असतं. झिंक फॉस्फाईड ही काळी पावडर पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू सोडते आणि परिणाम लवकर दाखवते. ज्या उंदराने ती अर्धवट खाल्ली आणि जो जगला, तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून कृषी विभाग सांगतो, की आधी दोन-तीन दिवस धान्याचा भरडा तेल लावून बिनविषारीच ठेवा, सवय होऊ द्या, मग विष मिसळा. तरीही वाचलेले उंदीर शहाणे होतातच. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या उंदीरनाशकाचं तंत्र याच्या उलट आहे. ते रक्त गोठू देत नाही आणि मरण यायला काही दिवस लागतात. आज खाल्लेल्या वडीचा आणि परवाच्या अशक्तपणाचा संबंध जोडणं उंदराच्या मेंदूच्या आवाक्याबाहेर जातं. उंदराच्या शिकण्याला असलेली काळाची मर्यादा या औषधाच्या पथ्यावर पडली आहे.

याच ओघात गावोगाव ऐकू येणारी एक समजूत: एक उंदीर मेलेला पाहिला की बाकीचे ते खाणं सोडतात. मॅकमास्टरमध्येच बेनेट गॅलेफ यांनी याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. उंदीर एकमेकांकडून शिकतात हे खरं. दुसऱ्याच्या श्वासाला ज्या खाण्याचा वास येतो ते खाणं त्यांना नंतर जास्त आवडतं. पण आजारी पडलेल्या, अगदी शुद्ध हरपलेल्या उंदराच्या तोंडाचा वास घेतला तरी आवड वाढतेच! सोबत्याच्या हालांवरून उंदीर धडा घेत नाही, तो घेतो स्वतःच्या पोटावरून.

आता मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाबद्दलची समजूत. रील बघितलं की डोपामाइन, मिसळ खाल्ली की डोपामाइन, आणि दोन्ही सोडून रविवारी भिंतीकडे बघत बसलं की 'डोपामाइन डिटॉक्स'. आनंदाचं रसायन म्हणून त्याची ओळख पक्की झाली, त्याला १९५४ मधला एक प्रसिद्ध प्रयोग बराचसा कारणीभूत आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली. ती ठरवलेल्या जागी न बसता भलतीकडेच बसली. त्या जागी सौम्य वीजप्रवाह देणारी कळ उंदराच्या हाती दिली, तर तो ती दाबतच राहिला. हेच सुखाचं केंद्र, असा निष्कर्ष निघाला. त्या भागाशी जोडलेल्या चेतापेशी डोपामाइन वापरतात हे पुढे कळलं आणि रसायनालाही सुखाचा शिक्का बसला.

पण उंदीर कळ दाबतो म्हणजे त्याला मजा येते, हे कुणी तपासलं होतं? मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी ते तपासलं, आणि तेही उंदराच्या तोंडाकडे बघून. साखरेचं पाणी जिभेवर पडलं की उंदीर तालात जीभ बाहेर काढतो, ओठ चाटतो; कडू क्विनाइन पडलं की तोंड वासतो. माणसाचं तान्हं बाळही थोडंफार असंच करतं. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ पूर्ण संपवलं. ते उंदीर समोर ठेवलेल्या अन्नाकडे जाईनात. नळीने भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. पण जिभेवर साखर टाकली की ओठ चाटणं जसंच्या तसं. गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ.

मग डोपामाइन करतं काय? याचं उत्तर स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबूर्गला वोल्फराम शुल्ट्झ यांना माकडांच्या मध्यमेंदूतल्या एकेका पेशीचा आवाज ऐकताना सापडलं. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी खणखणत. रसाच्या आधी एक दिवा लागतो हे माकडाला कळलं, की त्या दिवा लागताना खणखणू लागत आणि रस मिळताना गप्प राहत. रस तोच, गोडी तीच, पण पेशींना आता त्यात विशेष काही वाटत नसे. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींची नेहमीची संथ टिकटिकही थांबे. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये याचा अर्थ लावला: या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक कळवतात. कामिनच्या उंदरांचं कोडं असं पेशीपर्यंत येऊन पोहोचलं.

पण फरक कळवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. ते दुसरं २०१३ मध्ये दिसलं. संशोधकांनी कामिनचाच सापळा गोड बक्षिसावर रचला: आवाजाने बक्षीस आधीच कळवलेलं, मग जोडीला निरुपयोगी दिवा. नियमाप्रमाणे उंदीर दिव्याकडे दुर्लक्ष करणार. या वेळी मात्र बक्षीस मिळताक्षणी त्यांच्या डोपामाइनच्या पेशी प्रकाशकिरणाने मुद्दाम चेतवल्या. म्हणजे आश्चर्य घडलेलं नसताना मेंदूला आश्चर्याची खोटी खबर दिली. उंदीर दिवा शिकले.

यात बक्षीस तरी होतं. कॉर्नेल विद्यापीठात २०१६ मध्ये विक्रम गडगकर आणि सहकाऱ्यांनी गाणाऱ्या झेब्रा फिंच पक्ष्यांच्या याच पेशी टिपल्या. पक्षी गात असताना एका स्वरावर खरखर मिसळून त्याला स्वतःचं गाणं चुकल्यासारखं ऐकवलं. डोपामाइनच्या पेशी दबल्या. खरखर येण्याची शक्यता असताना स्वर नीट लागला, तर त्या खणखणल्या. इथे दाणा नव्हता, पाणी नव्हतं. स्वर लागला की नाही एवढाच हिशेब होता. रियाज करणाऱ्यांना यात फारसं आश्चर्य वाटू नये.

मेंदू जेवढा मोठा तेवढं डोकं जास्त, हा गैरसमज थोडक्यात निकालात काढता येतो. हत्तीच्या मेंदूत सुमारे २५७ अब्ज चेतापेशी असतात, माणसाच्या तिपटीने. पण त्यांतल्या जवळपास ९८ टक्के अनुमस्तिष्कात, म्हणजे मागच्या लहान मेंदूत. उलट डोमकावळ्याच्या सुमारे १४ ग्रॅमच्या मेंदूत दोन अब्जांहून जास्त पेशी दाटीने बसलेल्या असतात. आणि इवल्या मेंदूच्या गोल्डफिशची आठवण तीन सेकंद टिकते, हे तर कुणी पसरवलं कोण जाणे! १९६० च्या दशकात बर्नार्ड अ‍ॅग्रनॉफ यांनी स्मृतीच्या रसायनशास्त्रासाठी हाच मासा निवडला, तो आठवण ठेवतो म्हणून. दिवा लागताच आडोसा ओलांडून झटका चुकवायला हे मासे शिकत आणि काही दिवसांनीही ते त्यांच्या लक्षात असे. शिकवल्याबरोबर प्रथिनांची निर्मिती थांबवणारं औषध टोचलं तर आठवण पक्की होत नसे. तासाभराने टोचलं तर तिला धक्का लागत नसे.

राहिली ती रोजच्या उपयोगाची गोष्ट: सवय मोडली की आठवण पुसली जाते. नाही जात. हे खुद्द पावलोव यांनीच पाहिलं होतं. मेट्रोनोम वाजवत राहायचं आणि खायला द्यायचं नाही, की लाळेचे थेंब कमी कमी होत शून्यावर येतात. कुत्र्याला थोडा वेळ विश्रांती देऊन पुन्हा मेट्रोनोम लावला, तर लाळ परत येते. जुनं शिक्षण तसंच असतं, त्याच्यावर 'आता काही होत नाही' हे नवं शिक्षण चढतं. २००२ मध्ये प्वेर्तो रिकोत मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात अशा पेशी दाखवल्या, ज्या भीती शमवल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्या आवाजाला प्रतिसाद देतात आणि भीतीला आवर घालतात. भीती जिथे साठते तो अमिग्डाला आपली नोंद राखूनच असतो.

शिवाय हे वरचं शिक्षण जागेला फार चिकटून असतं. व्हरमाँट विद्यापीठात मार्क बाउटन यांच्या प्रयोगांत एका पेटीत शिकवलेली भीती दुसऱ्या पेटीत घालवली आणि उंदराला पहिल्या पेटीत परत आणलं, तर भीती तिथेच वाट बघत असल्यासारखी परतली. दिवाळीत फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला घरात बसवून, स्पीकरवर हळू आवाजात फटाके ऐकवत, हातातून खाऊ देत धीट केलं, तरी तो सोसायटीच्या फाटकापाशी पुन्हा शेपूट घालतो, ते यामुळे. कुत्रा हट्टी नसतो आणि मेहनत वायाही गेलेली नसते. तोच धडा मग जिन्यात, पार्किंगमध्ये, कोपऱ्यावरच्या दुकानापाशी, अगदी हळू आवाजापासून नव्याने सुरू करावा लागतो, आणि पुढची दिवाळी जवळ आली की उजळणीही करावी लागते.