फांगजी : नामसाम्याने घडविलेला अनर्थ

चिनी वैद्यकात शोथ, मूत्राल्पता व संधिशूल यांवर ‘फांगजी’ नावाचे मूळ योजिले जाते. हे नाव मात्र दोन भिन्न वनस्पतींना चिकटलेले आहे. ‘हान फांगजी’ म्हणजे स्टेफानिया टेट्रांड्रा. आपल्या गुडूची व पाठा यांच्याच कुलातील वेल. ‘ग्वांग फांगजी’ म्हणजे अॅरिस्टोलोकिया फांगची. ही ईश्वरीच्या, म्हणजे सापसणीच्या, कुलातील. पहिलीत टेट्रांड्रिन हे अल्कलॉइड असते, दुसरीत अॅरिस्टोलोकिक आम्ल. वाळवलेले काप पोत्यात भरून आले की नुसत्या नावावरून हा भेद कळणे अशक्य.

१९९० मध्ये ब्रुसेल्स येथील एका स्थौल्यचिकित्सा केंद्राने आपल्या योगात स्टेफानियाचा समावेश केला. प्रत्यक्षात पुरवठा झाला तो अॅरिस्टोलोकियाचा. (भूक मंदावणाऱ्या आधुनिक औषधांसह दिलेला हा योग चिनी परंपरेतील नव्हताच, हेही ध्यानात घ्यावे.) १९९२ पासून तरुण स्त्रियांमध्ये वृक्कांचा शीघ्र क्षय दिसू लागला, एकूण रुग्णसंख्या शंभराच्या घरात गेली. औषध थांबवूनही विकृती थांबली नाही. पुढे ज्या ३९ रुग्णांची निकामी वृक्के व मूत्रवाहिन्या प्रतिबंधक उपाय म्हणून काढण्यात आल्या, त्यांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला, असे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. या आम्लापासून शरीरात बनणारे घटक पेशींतील डीएनएला घट्ट चिकटतात; म्हणूनच दुष्परिणाम वर्षानुवर्षांनी प्रकट होतो. अल्पकाळात अपाय दिसला नाही, एवढ्यावरून द्रव्य निर्दोष ठरविता येत नाही.

‘मुतोंग’ची कथाही अशीच. अकेबियाच्या जागी अॅरिस्टोलोकिया मांचुरिएन्सिस रूढ झाली होती. चीनच्या २००५ च्या औषधिसंहितेतून ती आणि ग्वांग फांगजी दोन्ही वगळण्यात आल्या.

आपल्याकडे सर्पदंश व ज्वरावर परंपरेने वापरली जाणारी ईश्वरी आणि कीटमारी यांतही हेच आम्ल असते. शोधनाने अथवा क्वथनाने ते निःशेष जाते, असे गृहीत धरता येणार नाही. या द्रव्यांचा आभ्यंतर प्रयोग चिकित्सकांनी टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. औषधालयचालकांनी ‘पाठा’सारखे द्रव्य मागविताना मागणीपत्रावर शास्त्रीय नाव व उपयुक्तांग लिहावे (केरळात याच नावाने सायक्लिया पेल्टाटा वापरतात) आणि वेलवर्गीय मुळांचा संशयित माल थिन लेयर क्रोमॅटोग्राफीने तपासून घेतल्यावाचून चूर्णासाठी देऊ नये. चूर्ण झाल्यावर स्वरूपावरून परीक्षा करण्याचा मार्ग जवळजवळ बंदच होतो.