वीज तोडणारी डबी

चिंचपाडा स्टेशनात उभे राहून वर बघा. रुळांच्या वर तार ताणलेली आहे. त्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. सुरत-भुसावळ मार्गावर आता विजेची इंजिने धावतात, ती या तारेवर.

वीज जोडणे सोपे. तोडणे अवघड. का, ते पाहू.

घरातला खटका बंद करताना कधी कधी आत ठिणगी दिसते. खटक्यात धातूच्या दोन पट्ट्या असतात. त्या टेकल्या की वीज वाहते. दूर झाल्या की ती थांबायला हवी. पण वीज सहजासहजी वाट सोडत नाही. पट्ट्या सुटताना शेवटी सुईच्या टोकाएवढी जागा टेकलेली राहते. सगळी वीज तिथूनच जाते. ती जागा तापते, वितळते. तिथली हवाही तापते आणि तिच्यातून वीज वाहू लागते. घरात ही ठिणगी असते. मोठ्या विजेत तीच धगधगती ज्योत होते.

पूर्वी अशी ज्योत तेलात विझवीत. पण तेल पेटण्याचे भय असे. मग विचार निघाला, हवाच काढून टाकली तर? १९२६ साली अमेरिकेत सोरेनसन आणि मेंडेनहॉल यांनी तसे प्रयोग केले.

आता इंजिनाच्या छतावर असाच ब्रेकर असतो. त्यात एक बंद डबी असते. डबीत हवा जवळजवळ नसतेच. आत धातूचे दोन तुकडे समोरासमोर असतात. ते दूर झाले तरी ज्योत पेटतेच! हवा नाही, मग ती जळते कशावर? धातूच्या वाफेवर. तुकड्यांचा किंचित धातू उकळतो, त्याची वाफ होते आणि वाफेतून वीज जाते.

आता गंमत बघा. ही वीज झोक्यासारखी पुढे-मागे वाहते. सेकंदात १०० वेळा ती क्षणभर शून्यावर येते. त्या क्षणी नवी वाफ होत नाही. जुनी वाफ तुकड्यांवर आणि भोवतीच्या धातूच्या आवरणावर जाऊन बसते. भाताच्या झाकणावर थेंब बसतात ना, तशी. मधे काहीच उरत नाही. वीज परत फिरते, तो वाट मोडलेली! ज्योत विझते.

गावाला वीज देणाऱ्या सबस्टेशनांतही असे ब्रेकर असतात. तार तुटून पडली तर ब्रेकर बहुधा लगेच वीज तोडतो. पण कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेतून वीज थोडीच वाहते. मग ब्रेकरला पत्ताच लागत नाही. तार जिवंतच राहते.

म्हणून पडलेल्या तारेजवळ जाऊ नका. गुरांनाही जाऊ देऊ नका. काठीनेसुद्धा ती हलवू नका. लांब उभे राहून इतरांना अडवा आणि वीज कचेरीला कळवा.

रेल्वेच्या डब्यावर तर कधीच चढू नका. तिथे तारेला हात लागावा लागत नाही. नुसते जवळ गेले तरी वीज हवेतून अंगावर येते. मुलांनाही हे आजच सांगा.