काळी, कसदार आणि कोंडलेली

पूर्णा नदी सातपुड्यात उगम पावते, मैदानात उतरली की पश्चिमेकडे वळते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडून जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या सपाट काळ्या मुलखाला वऱ्हाडात खारपाणपट्टा म्हणतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, संग्रामपूर अशा तालुक्यांतली शेकडो गावं त्यात येतात. राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळप्रवण गावांखेरीज या पट्ट्यातली ९३२ गावं वेगळी धरली आहेत. जमिनीचा आणि पाण्याचा खारेपणा हेच त्यामागचं कारण.

बाहेरच्या माणसाला ही जमीन पाहून हेवा वाटतो. काळीभोर, खोल, दगडगोट्याचं नाव नाही. पण जुलैत दोन दिवस झड लागू द्या. पाणी वावरातच उभं राहतं, आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, डवरा चालत नाही, तण माजतं आणि पऱ्हाटी पिवळी पडते. मग पावसाने तीन आठवडे ओढ दिली की तेच पीक पाण्यावाचून माना टाकतं. वर पाणी तुंबलं होतं तेव्हाही खाली हातभर खोलीवरची माती पुरती भिजलेली नव्हती, हे त्याचं कारण. एकाच हंगामात, एकाच वावरात, आधी चिबड आणि मग दुष्काळ. या जमिनीबद्दल जे काही समजून घ्यायचं ते इथून सुरू होतं.

उन्हाळ्यात अशा वावरात माणूसभर खोल खड्डा घेऊन त्याची उभी भिंत खुरप्याने साफ केली, तर जमिनीची सगळी कुंडली वाचता येते. वरची वीतभर माती नांगरटीने मोकळी झालेली, तरी तिच्यावर पावसाच्या थेंबांनी धरलेला पातळ, कडक पापुद्रा दिसतो. त्याखाली भेगा. काही बोटभर रुंद, काही त्याहून मोठ्या, खाली दोन-तीन फूट गेलेल्या. वरची माती त्यांत पडून थेट तळाला पोचलेली असते. आणखी खाली ढेकळांचा आकारच बदलतो. ती पाचरीसारखी तिरकी निघतात आणि त्यांचे पृष्ठभाग घासून गुळगुळीत, चकचकीत झालेले असतात. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दर वर्षीच्या या हालचालीत ढेकळं एकमेकांवर सरकतात. ही झिलई त्या घासण्याची. मातीत पांढऱ्या चुनखडीचे खडे विखुरलेले असतात. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की भिंत फसफसते.

या मातीत निम्म्याहून अधिक, ठिकठिकाणी साठ टक्क्यांवर, चिकणकण असतात. तेही साधेसुधे नव्हेत. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन जे स्मेक्टाइट गटातलं खनिज तयार झालं, त्याचे हे कण. त्याचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी मधे शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरतात. या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम यांचे आयन धरून ठेवतात. काळ्या मातीचा कस यातच आहे. खतातलं अन्न ती धरून ठेवते, ओल धरून ठेवते. परतीच्या पावसाच्या ओलीवर वऱ्हाडात हरभरा येतो तो याच गुणावर.

मात्र कणांनी कोणता आयन धरला आहे यावर पुढचं सगळं ठरतं. कॅल्शियमचे दोन भार कणांना जवळ ओढून त्यांचे गुच्छ बांधतात, आणि गुच्छांमधल्या पोकळ्यांतून पाणी व हवा फिरते. सोडियमचा भार एकच, आणि भाराच्या मानाने त्याच्याभोवती पाण्याचं आवरण मोठं. त्याचं प्रमाण वाढलं की गुच्छ सुटतात, चिकणकण पाण्यात मोकळे तरंगू लागतात आणि खाली जाताना बारीक पोकळ्यांची तोंडं बुजवतात. माती ओली असताना लोण्यासारखी चोपडी आणि वाळल्यावर नांगराला दाद न देणारी होते ती यामुळे. चोपण जमीन म्हणतात ती हीच.

हे घरच्या घरी पाहता येतं. वाळलेल्या मातीचं हरभऱ्याएवढं ढेकूळ घ्या आणि स्वच्छ काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात अलगद सोडा. विहिरीचं पाणी चालणार नाही, कारण त्यातले क्षार कणांना सुटू देत नाहीत. चांगल्या काळ्या मातीचं ढेकूळ फुटेल, चुरा तळाशी बसेल, वरचं पाणी नितळ राहील. चोपण मातीच्या ढेकळाभोवती काही मिनिटांत धुरकट वलय दिसू लागतं आणि काही तासांत पेल्यातलं पाणी गढूळ होऊन जातं. ऑस्ट्रेलियातले मृदाशास्त्रज्ञ एमर्सन यांनी १९६७ साली या साध्या तपासणीला शास्त्रीय रूप दिलं. शेतकऱ्यांच्या मेळाव्यांमध्ये ही तपासणी भाषणांच्या आधी दाखवावी, असं मला मनापासून वाटतं.

आता हा सोडियम आला कुठून? पूर्णेच्या काठी तो कुणी आणून टाकलेला नाही. बेसाल्टमधली फेल्डस्पार खनिजं झिजताना कॅल्शियम आणि सोडियम दोन्ही सुटे करतात. भरपूर पावसाच्या मुलखात दोन्ही धुऊन जातात. इथलं हवामान निमकोरडं. जमिनीतलं पाणी आटलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन चुनखडीच्या रूपात बसतो आणि सोडियम मागे उरतो. म्हणजे खड्ड्याच्या भिंतीत दिसलेले ते पांढरे खडे आणि वर तुंबणारं पाणी ही एकाच घडामोडीची दोन टोकं आहेत. त्यात हे खोरं म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी खचलेला आणि गाळाने भरलेला भूभाग; उतार नावापुरता, पाण्याला बाहेर जायला वाट नाही. भूजलही खारं. त्या पाण्यावर ओलीत करायला गेलं की वरची मातीसुद्धा बिघडते.

सोडियमसोबत मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो; आणि तो वाढला की पिकाच्या अन्नाची वाट लागते. लोह आणि जस्त जमिनीत असूनही मुळांना मिळत नाहीत, पानं शिरा सोडून पिवळी पडतात. युरियातला नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातो. स्फुरद अडकून पडतो.

वर्गीकरणाचा प्रश्न इथे येतो, आणि तो केवळ प्रयोगशाळेतला नाही. अमेरिकेतल्या रिव्हरसाइड इथल्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली जी पुस्तिका काढली तिच्यातल्या मर्यादा जगभर वापरल्या जातात. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर, विनिमयक्षम सोडियम (कणांनी धरलेल्या आयनांतला सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांच्या आत आणि सामू साडेआठच्या आत असेल तर ती खारवट. वाहकता ४ च्या आत, पण सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू साडेआठच्या वर असेल तर चोपण. वाहकता आणि सोडियम दोन्ही जास्त असतील तर खारवट-चोपण. माती परीक्षणाचे अहवाल आजही बहुतेक याच चौकटीत लिहिले जातात.

आपल्या काळ्या मातीला ही चौकट अपुरी पडते. स्मेक्टाइटने भरलेल्या मातीत पाच-सहा टक्के सोडियमही निचरा बिघडवायला पुरतो. ऑस्ट्रेलियाने आपल्या जमिनींसाठी ही मर्यादा ६ टक्क्यांवर आणली ती याचसाठी. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेतले डी. के. पाल आणि त्यांचे सहकारी पूर्णा खोऱ्याच्या मातीवर वर्षानुवर्षं काम करून याच दिशेला आले. भिजलेल्या मातीतून पाणी पुढे सरकण्याचा वेग तासाला १० मिलिमीटरच्या खाली गेला की ती जमीन चोपण समजावी, असं त्यांचं म्हणणं. मला ही कसोटी सर्वांत न्याय्य वाटते. पिकाला सोडियमचा आकडा कळत नाही. मुळांशी पाणी आणि हवा पोचते की नाही, एवढंच त्याला कळतं.

अमेरिकी मृदा-वर्गीकरण पद्धतीत या सगळ्या जमिनी व्हर्टिसोल या गणात येतात. किमान तीस टक्के चिकणकण, हंगामी भेगा आणि ती चकचकीत घासलेली ढेकळं ही त्या गणाची ओळख. पावसाळा सोडून बराच काळ कोरडा जाणाऱ्या मुलखातल्या म्हणून त्या उस्टर्ट, आणि सोडियम जास्त असलेल्या त्यांच्या उपगटाला सोडिक हॅप्लुस्टर्ट म्हणतात. नाव अवजड आहे, पण त्यात या जमिनीचं हवामान, तिचं फुगणं-आकसणं आणि तिचं दुखणं तिन्ही येतं.

हे नाव नेमकं ठरवायला का हवं, ते कृष्णा आणि नीरा खोऱ्याकडे पाहिलं की कळतं. तिथल्या बऱ्याच काळ्या जमिनी मुळात चांगल्या होत्या. नीरेच्या कालव्याचं पाणी आलं आणि काही दशकांतच जमिनींवर मीठ फुटू लागलं; पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० साली त्यावर पुस्तिकाच लिहिली. पुढे सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या सऱ्या बारमाही भरल्या, भूजल वर आलं, आणि त्यासोबत वर आलेले क्षार उन्हाने जमिनीवर पांढरे फुलले. हे दुखणं पाण्याच्या अतिवापराचं. तिथे जमिनीखाली मीटर-सव्वा मीटरवर सच्छिद्र पाईप टाकून, चरातून क्षारपाणी बाहेर काढून कित्येक गावांतली शेतं पुन्हा उसाखाली आली आहेत. पूर्णेकाठी सपाटी इतकी की त्या पाण्याला उतरायला जागा मिळणं अवघड, आणि माती इतकी घट्ट की पाईपपर्यंत पाणी येतच नाही. दोन्हीकडच्या सात-बाऱ्यावर जमीन काळीच, दोन्हीकडे पीक पिवळंच; इलाज मात्र एक नाही.

जिप्समचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेतो आणि सोडियम सल्फेट होऊन पाण्यात जातो. पण एक लिटर पाण्यात जिप्सम विरघळतं ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम, आणि सुटलेला सोडियम शेताबाहेर गेला नाही तर तो पुन्हा तिथेच बसतो. म्हणून चर आधी, जिप्सम नंतर. धैंचा किंवा ताग फुलोऱ्यापूर्वी गाडला की कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि आम्लं जमिनीतलीच चुनखडी थोडी थोडी विरघळवतात. विकत न घेता मिळणारा कॅल्शियम तो. पेरणी रुंद वरंबा-सरीवर केली तर झडीचं पाणी सरीतून निघून जातं आणि मुळं वरंब्यावर श्वास घेतात. आणि जी माती पाणी मुरू देत नाही तिच्यात शेततळं प्लॅस्टिकशिवायही पाणी धरतं. त्या गोड्या पावसाच्या पाण्याच्या दोन पाळ्या कापसाला किंवा हरभऱ्याला वेळेवर मिळाल्या तर खारपाणपट्ट्यातलं कोरडवाहू रान सावरतं. तळं मात्र उथळ हवं. खोल खणून खाऱ्या भूजलाला हात लावायचा नाही.

वाचकांपैकी ज्यांचं रान काळं आहे त्यांना एक विनंती. येत्या उन्हाळ्यात मातीचा नमुना देताना फक्त वरच्या वितीचा देऊ नका. दोन फुटांवरचा आणि तीन फुटांवरचा वेगळ्या पिशव्यांत भरा, आणि अहवालात सामूसोबत विनिमयक्षम सोडियमचा आकडा मागून घ्या. बोअरवेल किंवा विहीर असेल तर तिच्या पाण्याची बाटलीही सोबत द्या. आणि जिप्समची पोती गाडीत चढवण्याआधी आपल्या शेतातलं पाणी कोणत्या चरातून कुठल्या नाल्याला उतरणार आहे, ते धुऱ्यावर उभं राहून शेजाऱ्यासोबत ठरवा.